दक्षिणेची तीर्थयात्रा आणि सोबतीचा धर्म

तमिळनाडूतील तिरुक्कोविलूर या गावाविषयी वैष्णव परंपरेत एक कथा सांगितली जाते. एका पावसाळी रात्री एक यात्रेकरू आडोशासाठी एका घराच्या चिंचोळ्या देवडीत शिरला. जागा एकट्याने निजण्यापुरतीच होती. थोड्या वेळाने दुसरा आला. एकाला निजता येते तेथे दोघांना बसता येईल, असे म्हणून पहिल्याने त्याला आत घेतले. तिसरा आला तेव्हा तिघेही उभे राहिले. अंधारात देवाविषयी बोलणे चालू असताना आपल्यामध्ये कोणी चौथा दाटीने शिरला आहे, असे तिघांनाही जाणवू लागले. तो चौथा प्रत्यक्ष विष्णू होता, असे कथा सांगते. ते तिघे म्हणजे पोयगै, भूतत्त आणि पेय हे पहिले तीन आळवार होत. त्या रात्रीपूर्वी त्यांनी एकमेकांना पाहिलेही नव्हते.

या कथेला ऐतिहासिक पुरावा शोधण्याचे कारण नाही. दक्षिणेकडील तीर्थयात्रेमागची एक मूळ धारणा तिच्यात स्पष्टपणे उमटली आहे: देवाकडे एकट्यानेही जाता येते, परंतु तो भेटतो सोबतीत. आजही कुटुंबे, शेजारी, एकाच कचेरीतील सहकारी किंवा शाळेपासूनचे मित्र एखादी मोटार ठरवून मदुरै, रामेश्वरम्, तिरुपती अशी यात्रा करतात. त्यांच्या प्रवासाला पर्यटनाचे रूप आले असले तरी त्याचा साचा जुना आहे. दक्षिणेतील मंदिरे, त्यांचे उत्सव, त्यांच्याकडे जाणारे रस्ते आणि रस्त्यांवरील अन्नछत्रे या सर्वांची घडण समूहाने चालणाऱ्या माणसांसाठी झाली आहे. मात्र या समूहात कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवावयाचे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच दक्षिणेतील मंदिराचे खरे स्वरूप ध्यानी येते.

गीतांनी आखलेला नकाशा

दक्षिणेतील तीर्थांची यादी प्रथम कोणा राजाने केली नाही. ती कवींनी केली. साधारणतः सहाव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यान शिवभक्त नायन्मार आणि विष्णुभक्त आळवार तमिळ देशात गावोगाव फिरले आणि तेथील देवांवर त्यांनी गीते रचली. ज्या स्थळांवर तेवारम् या शैव संग्रहातील गीते आहेत अशी सुमारे पावणेतीनशे शिवमंदिरे मानली जातात. आळवारांनी गायिलेल्या विष्णुस्थानांना दिव्यदेश म्हणतात. त्यांची संख्या १०८ असून त्यांपैकी दोन या पृथ्वीवर नाहीत, अशी श्रद्धा आहे. या यादीत बद्रीनाथ, अयोध्या आणि मथुरा यांचाही समावेश आहे. शैव स्थळांपैकी बहुसंख्य कावेरीच्या खोऱ्यात आहेत. त्यामुळे कुंभकोणम् येथे मुक्काम करणाऱ्या यात्रेकरूंना एका दिवसात यांतील चार-पाच मंदिरे सहज पाहता येतात.

या कवींच्या चरित्रांमध्येही सोबतीला मोठे स्थान आहे. बाराव्या शतकात सेक्किळार याने रचलेल्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात वयोवृद्ध तिरुनावुक्करसर आणि बालवयातील संबंदर यांच्या मैत्रीचे वर्णन आहे. संबंदर ब्राह्मण कुळातील, तर तिरुनावुक्करसर वेळ्ळाळ या शेतकरी जातीतील. बालक संबंदराने त्यांना ‘अप्पर’, म्हणजे पिता, अशी हाक मारली आणि पुढे तेच त्यांचे नाव रूढ झाले. दोघांनी मिळून अनेक क्षेत्रांची यात्रा केली. वेदारण्यम् येथील मंदिराचे बंद दार अप्परांच्या गीताने उघडले आणि संबंदरांच्या गीताने पुन्हा मिटले, अशी आख्यायिका आहे. एकदा संबंदरांची पालखी येत असता अप्पर गर्दीत मिसळले आणि त्यांनी नकळत पालखीला खांदा दिला. ‘अप्पर कोठे आहेत?’ असे संबंदरांनी विचारले तेव्हा उत्तर पालखीखालून आले.

संबंदरांच्या सोबत याळ् हे तंतुवाद्य वाजविणारा एक पाणर आपल्या पत्नीसह फिरत असे. पाणर ही गाणाऱ्यावाजविणाऱ्यांची जात हीन मानली जाई. एका ब्राह्मण भक्ताच्या घरी मुक्कामाची वेळ आली तेव्हा या दांपत्याला घरात घ्यावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. संबंदरांच्या सांगण्यावरून त्यांना यज्ञवेदीजवळ जागा देण्यात आली, आणि त्या रात्री वेदीतील अग्नी अधिकच तेजाने प्रज्वलित झाला, असे ग्रंथकार सांगतो. सोबतीची कसोटी कोठे लागते, हे मध्ययुगीन कवीला पुरते ठाऊक होते.

गोपुरापासून गर्भगृहापर्यंत

तमिळ देशातील मोठ्या मंदिरात प्रथमच येणाऱ्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. सर्वांत उंच आणि सर्वांत शोभिवंत भाग देवाच्या डोक्यावर नसून प्रवेशद्वारावर असतो. मदुरैच्या मीनाक्षी मंदिराची १४ गोपुरे आहेत आणि त्यांतील दक्षिण गोपुराची उंची सुमारे १७० फूट आहे. देवतेच्या गाभाऱ्यावरील शिखर त्या मानाने लहान आहे.

पूर्वी असे नव्हते. राजराज चोळ याने बांधविलेल्या आणि १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गाभाऱ्यावरील विमान सुमारे २०० फूट उंच आहे आणि त्यापुढे गोपुरे ठेंगणी दिसतात. पुढील शतकांत चित्र पालटले. गाभारा एकदा पवित्र ठरला की तो पाडून मोठा करणे योग्य मानले जात नसे. नवा राजा किंवा नवा दाता मंदिराची वाढ बाहेरच्या बाजूने करी. जुन्या भिंतीभोवती नवी भिंत, तिच्यात नवे अंगण आणि तिला पहिल्यापेक्षा उंच दार, असा क्रम चालला. या अंगणांना प्राकार म्हणतात. त्यामुळे बाहेरून आत जाणारा यात्रेकरू सामान्यतः नव्याकडून जुन्याकडे, उजेडाकडून अंधाराकडे आणि गलबल्याकडून शांततेकडे जात असतो.

कावेरी आणि कोळ्ळिडम् या प्रवाहांमधील बेटावर वसलेले श्रीरंगम् हे या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण होय. येथे एकात एक असे सात प्राकार असून बाहेरच्या प्राकारांत रस्ते, घरे आणि बाजार आहेत; म्हणजे गाव मंदिराच्या आतच वसले आहे. एकंदर २१ गोपुरांपैकी सर्वांत बाहेरचे राजगोपुर कित्येक शतके अपुरे राहिले होते. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि त्याची उंची सुमारे २३६ फूट भरली. मंदिर ही एकदाच बांधून संपलेली वस्तू नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

गोपुर ओलांडल्यावर बलिपीठ आणि ध्वजस्तंभ लागतो, त्यानंतर देवाचे वाहन, मग मंडप आणि अखेरीस दिव्याच्या प्रकाशात दिसणारी मूर्ती. शिवमंदिरात भस्म मिळते. विष्णुमंदिरात तीर्थ आणि तुळस मिळते, आणि भक्ताच्या मस्तकावर क्षणभर एक लहानसा मुकुट टेकविला जातो. या मुकुटाला शठारी म्हणतात. त्यावर विष्णूच्या पादुका कोरलेल्या असतात आणि तो नम्माळवारांचे प्रतीक मानला जातो. नम्माळवार वेळ्ळाळ जातीचे होते. तेव्हा ज्या मंदिरांत जन्मावरून अनेकांना प्रवेश नाकारला गेला, तेथेही उच्चकुलीन भक्ताचे मस्तक शतकानुशतके एका ब्राह्मणेतर संताच्या प्रतीकाखाली नमत आले आहे.

केरळमध्ये मंदिराचे रूप वेगळे आहे. पावसाळी प्रदेशाला साजेशी उतरती छपरे, लाकूडकाम, तांब्याचे पत्रे आणि भिंतींवर दिव्यांच्या रांगा हे तेथील विशेष होत. तेथे पुरुषांनी सदरा काढून, मुंडू किंवा धोतर नेसून आत जावयाचे असते. चिदंबरम् येथे मूळ देवता नटराजाची कांस्यमूर्ती आहे, आणि शेजारच्या एका पडद्यामागील रिक्त अवकाश हेच तेथील रहस्य मानले जाते. त्याच आवारात विष्णूचे गोविंदराज मंदिर असून विशिष्ट जागी उभे राहिल्यास दोन्ही देवांचे दर्शन होते. निरनिराळ्या उपासनेच्या मित्रांना एकाच ठिकाणी उभे राहता यावे, अशी ही योजना वाटते. प्रत्यक्षात मात्र या दोन संप्रदायांत येथे दीर्घकाळ कलह झाले आहेत.

देव रस्त्यावर येतो

गाभाऱ्यातील दगडी मूर्ती जागेवरून हलत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या मंदिरात उत्सवासाठी पंचधातूच्या वेगळ्या मूर्ती असतात. चोळकालीन कांस्यमूर्ती जगातील संग्रहालयांत वाखाणल्या जातात. परंतु त्यांच्या पीठांना असलेली छिद्रे वा कड्या पाहिल्या की त्यांचे खरे काम कळते. त्यांत दांडे अडकवून मूर्ती खांद्यांवर घेतली जाई. जो भक्त वार्धक्यामुळे, आजारामुळे किंवा जातीमुळे मंदिरात जाऊ शकत नसे, त्याच्याकडे वर्षातून काही दिवस देव स्वतः येई.

मदुरैचा चित्रै महिन्यातील उत्सव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मीनाक्षी आणि सुंदरेश्वर यांचा विवाह मंदिरात होतो. त्याच सुमारास सुमारे २० किलोमीटर अंतरावरील अळगर कोविल येथून अळगर, म्हणजे विष्णू, मदुरैकडे निघतो. तो मीनाक्षीचा भाऊ असून बहिणीच्या लग्नाला चालला आहे, असे लोक मानतात. वाटेत भक्तांचे आतिथ्य घेत तो वैगै नदीपर्यंत पोहोचतो आणि विवाह उरकल्याचे तेथे त्याला समजते. या प्रवासात त्याचा वेष कळ्ळर या समाजातील माणसाचा असतो. मुळात निराळे असलेले हे दोन उत्सव सतराव्या शतकात तिरुमलै नायकाने एकत्र आणले, असे सांगितले जाते. शहरातील शैव, ग्रामीण भागातील वैष्णव भक्त आणि खेड्यांतील शेतकरी जाती या उत्सवात एकाच नदीपात्रात गोळा होतात.

वाटेवरचे अन्न

समूहाने प्रवास करावयाचा तर वाटेत निवारा आणि अन्न हवे. तमिळमध्ये अशा जागेला ‘चत्तिरम्’ म्हणतात. मराठीतील अन्नसत्र किंवा अन्नछत्र हा शब्द त्याच कुळातील होय. मदुरैची राणी मंगम्माळ हिने सतराव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभार पाहताना रस्ते आणि छत्रे बांधविली. तिच्या नावाचे छत्र मदुरैच्या रेल्वे स्थानकाजवळ आहे.

तंजावरला सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून भोसले घराण्याचे राज्य होते. या मराठा राजांनी रामेश्वरम्‌कडे जाणाऱ्या वाटेवर छत्रांची एक मालिका उभी केली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील प्रसिद्ध होय. दुसऱ्या सरफोजीने १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पाठविलेल्या पत्रात या छत्रांच्या कामाचे वर्णन केले आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व प्रवाशांना तेथे अन्न मिळे. ज्यांना शिजविलेले अन्न चालत नसे त्यांना शिधा दिला जाई. लहान मुलांसाठी दूध, आजाऱ्यांसाठी वैद्य व औषध, बाळंत होणाऱ्या स्त्रियांची काळजी आणि वाटेत मरण पावलेल्यांचे अंत्यसंस्कार, हीही छत्राची कर्तव्ये मानली जात. याच सरफोजीने १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूला चोळांच्या मंदिरात अचानक आपली भाषा भेटते, ती अशी.

या वाटेच्या टोकाला रामेश्वरम् आहे. काशीहून आणलेल्या गंगाजलाने येथील लिंगाला अभिषेक करावयाचा आणि सेतूची वाळू काशीला नेऊन गंगेत सोडावयाची, अशी यात्रेची परंपरागत पूर्तता आहे. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. त्या कावडीमागे किती शेकडो कोसांची पायपीट होती हे लक्षात घेतले, म्हणजे कथेतील त्यागाचे मोल कळते.

रामेश्वरम् बेटावर आहे आणि पूर्वी तेथे होडीने जावे लागे. पांबनचा रेल्वे पूल १९१४ मध्ये सुरू झाला. डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने बेटाच्या टोकावरील धनुष्कोडी हे गाव उद्ध्वस्त झाले आणि तिकडे निघालेली प्रवासी आगगाडी लाटांत नाहीशी झाली. रस्त्याचा पूल १९८८ मध्ये झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा रेल्वे पूल वाहतुकीस खुला झाला. मंदिरातील लांबलचक दगडी ओवऱ्या आणि आवारातील २२ तीर्थे हे येथील वैशिष्ट्य आहे. यात्रेकरूंचा गट एका विहिरीकडून दुसरीकडे ओलेत्याने धावत असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या डोक्यावर पोहऱ्याने पाणी ओतले जाते. या प्रकारात गांभीर्यापेक्षा हास्यविनोदच अधिक असतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

एका नावाचा समूह

सोबतीला व्रताचे रूप कोठे आले असेल, तर ते केरळमधील शबरीमलै येथे. अय्यप्पाच्या या डोंगरावरील मंदिराकडे जाणारे भक्त ४१ दिवसांचे व्रत धरतात, गळ्यात माळ घालतात, काळी किंवा निळी वस्त्रे नेसतात आणि ब्रह्मचर्य पाळतात. या काळात प्रत्येकाला ‘स्वामी’ असे संबोधिले जाते. मालक आणि नोकर, अधिकारी आणि शिपाई, सर्व जण एकमेकांना याच नावाने हाक मारतात. अनेकदा यात्रा केलेला अनुभवी भक्त गुरुस्वामी म्हणून गटाचे नेतृत्व करतो. त्याच्या हातून प्रत्येकाच्या मस्तकावर ‘इरुमुडी’ ही दोन कप्प्यांची गाठोडी ठेवली जाते. पुढील कप्प्यात देवासाठी तुपाने भरलेला नारळ व पूजासाहित्य असते. मागील कप्प्यात भक्ताची स्वतःची शिदोरी. ही गाठोडी मस्तकावर असेल त्यालाच मंदिरासमोरील पवित्र १८ पायऱ्या चढता येतात. वाटेत एरुमेली येथे भक्त वावर या अय्यप्पाच्या मुसलमान मित्राच्या नावाने असलेल्या मशिदीत जातात. देवालाही मित्र असतो आणि तो दुसऱ्या धर्माचा असू शकतो, हे येथील यात्रेचे एक अंग आहे.

याच मंदिराने सोबतीच्या सीमेचा प्रश्नही तीव्रपणे पुढे आणला. १० ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांना येथे प्रवेश नसे आणि केरळ उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ही प्रथा मान्य केली होती. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती घटनाबाह्य ठरविली. त्या एक भिन्नमत निकालपत्राच्या लेखिका पीठावरील एकमेव स्त्री न्यायाधीश होत्या. निकालानंतर केरळमध्ये मोठा संघर्ष झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातील व्यापक प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविले.

दाराशी थांबलेले

मंदिराच्या दाराशी थांबविलेल्या माणसांच्या कथा दक्षिणेने विसरू दिल्या नाहीत. नंदनार हा अस्पृश्य मानलेल्या जातीतील शिवभक्त. तिरुप्पुंगूर येथे बाहेरूनच दर्शन घेताना मधील नंदी आड येत होता; शिवाच्या आज्ञेने तो बाजूला सरकला, असे सांगतात. तेथील नंदी आजही सरळ रेषेत नाही. चिदंबरम्‌ला जाण्याची त्याची इच्छा मात्र ‘उद्या जाईन’ या एका वाक्यात अडकून राहिली होती. अखेर अग्नीतून जाऊन तो शुद्ध झाला आणि नटराजात विलीन झाला, असे कथेत आहे. श्रीरंगम्‌मध्ये तिरुप्पाण आळवाराला एका पुजाऱ्याने देवाच्या आज्ञेने खांद्यावर बसवून आत नेले. कर्नाटकातील उडुपी येथे कनकदासासाठी भिंतीला भगदाड पडले आणि कृष्णाची मूर्ती त्याच्याकडे वळली, असे मानतात. त्या जागेच्या खिडकीला ‘कनकाची खिडकी’ म्हणतात.

या कथांत देव नेहमीच बाहेर ठेवलेल्या भक्ताची बाजू घेतो. तरीही नियम बदलत नाही. नंदनाराला अग्नीतून जावे लागते आणि कनकदासाला खिडकीच मिळते. एकाला मिळालेला अपवाद सर्वांचा अधिकार होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तोपर्यंत कायदाही रूढीच्या बाजूने होता. दक्षिण तमिळ प्रदेशातील नाडार समाजाने कमुदी येथील मंदिरात प्रवेशाचा हक्क मागितला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १९०८ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल दिला.

त्रावणकोर संस्थानातील वैक्कम् येथे प्रश्न मंदिराच्या आतला नव्हता, मंदिराभोवतालच्या रस्त्यांचा होता. अवर्ण मानलेल्या जातींना त्या सार्वजनिक रस्त्यांवर चालण्याची मनाई होती. टी. के. माधवन, के. पी. केशव मेनन, के. केळप्पन आदींच्या पुढाकाराने ३० मार्च १९२४ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशी तीन स्वयंसेवक मनाईच्या फलकाकडे निघाले: पुलय जातीचे कुंजप्पी, ईळव जातीचे बाहुलेयन आणि नायर जातीचे गोविंद पणिक्कर. पोलिसांनी त्यांची जात विचारली. नायर असल्यामुळे पणिक्करांना पुढे जाण्यास हरकत नव्हती; आपल्या दोन सोबत्यांवाचून जाण्यास त्यांनी नकार दिला. तिघांनाही अटक झाली. दक्षिणेच्या तीर्थयात्रेच्या इतिहासात सोबत या शब्दाचा इतका स्पष्ट अर्थ क्वचितच कोणी सांगितला असेल.

पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी या लढ्यात तुरुंगवास भोगला. त्या वर्षीच्या महापुरात स्वयंसेवक पाण्यात उभे राहून पहारा देत राहिले. नोव्हेंबर १९२४ मध्ये मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली सवर्णांचा एक जथा रस्ते खुले करण्याची मागणी घेऊन पायी त्रिवेंद्रमला गेला. विधिमंडळातील ठराव एका मताने फेटाळला गेला. मार्च १९२५ मध्ये महात्मा गांधी वैक्कमला आले. नोव्हेंबर १९२५ मध्ये सत्याग्रह थांबला तेव्हा चारपैकी तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले होते. पूर्वेकडील रस्ता सवर्णांसाठी राखलेलाच राहिला.

पुढे १९३१ मध्ये गुरुवायूर येथे केळप्पन यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. महाराष्ट्रात त्याआधी मार्च १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभिला होता. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी संस्थानच्या ताब्यातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. ८ जुलै १९३९ रोजी ए. वैद्यनाथ अय्यर काही दलित व नाडार कार्यकर्त्यांना घेऊन मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात गेले. मद्रास प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा १९४७ मध्ये झाला आणि १९५० मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. दार उघडल्यानंतर प्रश्न गाभाऱ्यापर्यंत गेला. २०१७ मध्ये केरळच्या त्रावणकोर देवस्वम् मंडळाने पुजारी म्हणून दलितांची निवड केली. तमिळनाडूत २०२१ मध्ये विविध जातींच्या प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका झाल्या.

आजचा प्रवासी

आज दक्षिणेत मंदिरे पाहण्यास निघालेल्या मित्रमंडळाला काही साधे नियम उपयोगी पडतात. बहुतेक मंदिरे दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. म्हणून पहाट आणि संध्याकाळ दर्शनासाठी ठेवावी. एका दिवसात दहा मंदिरे उरकण्यापेक्षा एकाच मंदिरात तीन वेळा जाणे अधिक फलदायी ठरते. पहाटे देवाला जागविण्याचा विधी, सायंकाळची दीपाराधना आणि रात्रीची शेजारती या तीन वेळी एकच वास्तू तीन रूपांत दिसते. तमिळ शिवमंदिरांत ओदुवार हे परंपरागत गायक तेवारम् गात असतील, तर तेथे थोडा वेळ थांबावे. तंजावरच्या मंदिरात हे गायन व्हावे म्हणून राजराजाने ४८ गायक नेमल्याचा शिलालेख आहे. म्हणजे ती परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे.

सोबतीचे काही प्रश्न आजच्या गटालाही भेटतात. केरळमधील अनेक मंदिरांत आणि तमिळनाडूतील कित्येक मंदिरांच्या अंतर्भागात अन्य धर्मीयांना प्रवेश नाही. मित्रांपैकी एखादा मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर त्याला फलकापाशी थांबावे लागते. अशा वेळी काय करावयाचे, हे प्रत्येक गटाने ठरवावयाचे असते. याच प्रदेशात वेलंकण्णीच्या चर्चला आणि नागूरच्या दर्ग्याला हिंदू भाविक मोठ्या संख्येने जातात, हेही विसरता येत नाही. दुसरा भेद पैशाचा आहे. अनेक मोठ्या मंदिरांत जादा शुल्क भरणाऱ्यांसाठी वेगळी रांग असते आणि एकाच गटातील माणसे दोन रांगांत विभागली जातात. ज्या तिरुमलैवर सर्वांचे मुंडन सारखेच होते आणि १९८५ पासून अन्नदानाच्या पंगतीत सर्व एकत्र जेवतात, तेथेही या वेगळ्या रांगा आहेत.

वैक्कमच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवर आज मनाईचा फलक नाही. कोण कोणत्या जातीचा आहे, हे विचारण्यासाठी तेथे पोलीस उभे नसतात. यात्रेकरू, शाळकरी मुले आणि बाजाराला निघालेली माणसे एकाच वाटेने जातात. मदुरै किंवा श्रीरंगम्‌ची गोपुरे पाहून दृष्टी दिपते, तसे येथे काही होत नाही. परंतु दक्षिणेची यात्रा करणाऱ्या मित्रांनी या रस्त्यावरून एकदा एकत्र चालून पाहावे. तो सर्वसाधारण रस्ता होण्यासाठी वीस महिन्यांचा सत्याग्रह करावा लागला होता.